अकरा मिलिमीटरची खाच

सोमवार, १४ मार्च २०३३, सकाळचे साडेदहा. टेबलावर सात टॅबलेट होते, त्यातल्या एकाची काच कोपऱ्यात तडकलेली. गळपट्टे चाळीस, पैकी छत्तीस तपासून झालेले. एका ट्रेमध्ये दोनशे वीस सरकते स्विच. भिंतीलगतच्या दोन खोक्यांत टॅबलेटची पाठीमागची कवचं, प्रत्येकी शंभर. प्रत्येक कवचाच्या डाव्या कडेला अकरा मिलिमीटर लांब आणि चार मिलिमीटर रुंद अशी एक खाच. खोलीत आम्ही तिघं. खाचेत बसणाऱ्या स्विचनं काय करायचं, हे ठरलेलं नव्हतं.

खाच जुन्या आराखड्यातली होती. आराखडा बदलला, पण कुपवाडच्या साचेवाल्याकडे नवा कागद पोचलाच नाही आणि त्यानं दोनशे कवचं काढून दिली. नवा साचा करायला आठ आठवडे लागणार होते. टॅबलेट पेशंटांना द्यायचे होते चार आठवड्यांत. खाच नुसती बुजवावी, तर कडेनं पेज, लाळ, पातळ औषध आत झिरपतं. स्विच बसवणं भाग होतं.

"सरळ माइकला जोडा," मॅडम म्हणाल्या. डॉ. ऊर्मिला पाटणकर मेंदूविकारतज्ज्ञ आहेत. मिरजेतल्या त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं युनिट चालतं. "घरात दिवसभर एक यंत्र कान देऊन बसलंय, हे लोकांना खटकतं. स्विच खाली केला, कान बंद. समजावून सांगायलाही सोपं."

"कान बंद केले तर बोलणार काय ते, मॅडम?" तौफिक म्हणाला. तौफिक मुजावर आमचं इलेक्ट्रॉनिक्स बघतो. हातात सोल्डरिंग गन असली की तो कुणालाही घाबरत नाही. "पाणी हवं का, असं कुणी विचारलेलंच ऐकू आलं नाही, तर उत्तराचा अंदाज कशावरून लावायचा? त्यापेक्षा स्पीकरला जोडू. आमच्या आजोबांच्या रेडिओला तेवढंच एक बटण होतं. कुणाची तक्रार नव्हती."

"आणि सून वैतागली की सासऱ्याचं तोंड बंद! तौफिक, हा रेडिओ नाही, पेशंटचा आवाज आहे. तो बंद करायचा अधिकार दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, हे आपण पहिल्या दिवशी ठरवलंय."

"मग स्क्रीनच्या उजेडाला जोडा. कुणाचंच काही जात नाही."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "केतकी, तुझ्या घरी सात महिने टॅबलेट आहे. आण्णांनाच विचार ना. वापरणाऱ्याला विचारायचं सोडून आपण इथं डोकं का शिणवतोय?"

हे मला आधी सुचायला हवं होतं.

आण्णा म्हणजे माझे वडील, यशवंत सुतार. चाळीस वर्षं ते तंबोऱ्यांची जवारी काढत होते. तंबोऱ्याच्या घोडीवर तार जिथं टेकते, तो भाग कानसेनं इतका हलका घासायचा, की छेडलेली तार घोडीला पुसट स्पर्श करत राहावी. तंबोऱ्याचा भरीव झंकार त्या स्पर्शातून येतो. केसाएवढं जास्त घासलं गेलं की झंकार मरतो. मागच्या जूनमध्ये आण्णांच्या मेंदूच्या देठात रक्ताची गाठ अडकली. समज शाबूत राहिली, वाचा गेली आणि अंग गेलं. पुढं उपचारांनी गिळणं परत आलं. डाव्या हाताचा अंगठा परत आला. बाकी काही आलं नाही.

सुरुवातीला आम्ही अंगठ्यावर भागवत होतो. एकदा हलला म्हणजे हो, दोनदा हलला म्हणजे नाही. ऑगस्टमध्ये टॅबलेट आला आणि अंगठ्याला कुणी काही विचारेनासं झालं.

टॅबलेटचं काम दोन भागांत चालतं. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा गळ्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंना मेंदूकडून सूचना जाते. आवाज फुटला नाही तरी तिथं व्होल्टच्या काही लाखाव्या भागाएवढी हालचाल होते. गळपट्ट्यावरचे आठ विद्युतस्पर्शक ती टिपतात. हा पहिला भाग. पण असा संकेत फार तुटक असतो, त्यातून शब्दाचा एखादाच तुकडा हाती लागतो. उरलेलं वाक्य भरून काढणं हा दुसरा भाग, आणि त्यासाठी टॅबलेटमध्ये एक वेगळी चिप आहे. तिला आम्ही अंदाजाची चिप म्हणतो. तिला त्या माणसाचं जुनं बोलणं ऐकवलेलं असतं. आण्णांचा फोन प्रत्येक कॉल आपोआप साठवत असे. अकरा वर्षांचे सहा हजार दोनशे चौदा कॉल आम्हाला मिळाले. आवाज तिथूनच घेतला, वाक्यंही तिथूनच घेतली.

गळ्याचं किती ऐकायचं आणि अंदाजाचं किती, हे शून्य ते एकच्या दरम्यानचा एक आकडा ठरवतो. तो आकडा टॅबलेट स्वतःच बदलत राहतो. त्याची कसोटी आम्ही सोपी ठेवली होती. ऐकणाऱ्यानं पुन्हा "काय?" असं विचारलं नाही, तर वाक्य बरोबर आलं असं समजायचं.

त्या दिवशी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी मी घरी पोचले. आई आण्णांच्या कॉटशेजारी मेथी निवडत बसली होती. टॅबलेट कॉटवरच्या लाकडी फळीवर, आण्णांच्या डाव्या बाजूला उभा होता.

"आलीस? बस. उन्हातून आलीस," आण्णांचा आवाज म्हणाला.

"बघ, माझ्या आधी त्यांनी विचारलं," आई म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता.

"आण्णा, टॅबलेटला एक स्विच बसवायचाय. तुमच्या अंगठ्याजवळ येईल तो. कशाचा असावा?"

"उजेडाचा कर. दुपारी डोळ्यांवर येतो."

"आणि अंदाज बंद करायचा असेल तर? म्हणजे तुम्ही जे बोलाल तेवढंच ऐकू येईल."

"कशाला उगाच? आहे ते बरं चाललंय की."

मी दोन्ही उत्तरं वहीत उतरवली. तौफिकला हसायला मिळणार होतं. मग दोन उत्तरांची वेळ लिहायची म्हणून लॅपटॉप उघडला आणि गळपट्ट्याची नोंद काढली.

मी प्रश्न विचारायला सुरुवात केल्यापासून दुसरं उत्तर संपेपर्यंत एकेचाळीस सेकंद गेले होते. त्या एकेचाळीस सेकंदांत बोलण्याचा संकेत एकदाही आलेला नव्हता. रेघ सपाट होती.

पट्टा सैल झाला असेल, असं वाटलं. आठही स्पर्शक नीट टेकलेले होते. शिवाय चौदाव्या सेकंदाला रेघेवर एक उंच लाट होती. तेवढ्यात आण्णांनी आवंढा गिळला होता. म्हणजे पट्टा काम करत होता आणि स्नायूही.

मी मागं मागं जात राहिले. रविवार सपाट. शनिवार सपाट. बोलण्याचा शेवटचा संकेत १९ फेब्रुवारीला सकाळी नऊ बेचाळीसला सापडला. ०.३ सेकंदांचा, जीभ टाळूला लागल्यावर येतो तसा. त्यावर टॅबलेटनं वाक्य केलं होतं, "नंतर जेवतो मी, तू जेवून घे." तेव्हापासून तेवीस दिवस झाले होते. या तेवीस दिवसांत टॅबलेट आण्णांच्या आवाजात तीन हजार नऊशे सहा वाक्यं बोलला होता. अंदाजाचा आकडा १.०० वर होता, म्हणजे सगळा अंदाजच.

खोलीत मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज येत होता.

मी टॅबलेटचं बंद करायचं बटण दाबून धरलं. स्क्रीनवर अक्षरं आली: 'वापरणाऱ्याची संमती आहे का?' हा नियम आमचाच होता. आजारी माणसाचा आवाज दुसऱ्या कुणी हिरावून घेऊ नये म्हणून, बंद करण्यापूर्वी त्यालाच विचारायचं.

"राहू दे की," आण्णांचा आवाज म्हणाला. "एवढ्यात कशाला?"

अक्षरं गेली. टॅबलेट चालूच राहिला.

मी टॅबलेटकडे पाठ केली, आण्णांचा डावा हात चादरीवर मोकळा ठेवला आणि वाकून म्हणाले, "आण्णा, पूर्वीसारखं करू. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. हे तुम्ही बोलताय का?"

"मीच गं. दुसरं कोण असणार?" मागून आवाज आला.

अंगठा हलला नाही. मी घड्याळाकडे बघत तीस सेकंद मोजले. आण्णांचे डोळे उघडे होते आणि माझ्यावर होते. अंगठा जागचा हलला नाही.

आमच्या कारखान्यात आण्णांच्या गप्प राहण्याला अर्थ असे. कारागीर घासलेली घोडी तंबोऱ्यावर बसवायचा, तार चढवायचा आणि त्यांच्यासमोर छेडायचा. जमलं असेल तर ते "हं" म्हणायचे. जमलं नसेल तर काहीच म्हणायचे नाहीत. कारागीर पाच-दहा सेकंद थांबून तंबोरा उचलायचा आणि परत घासायला बसायचा. चूक काय झाली, हे कुणी विचारत नसे आणि ते सांगत नसत. "नाही" हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही.

हे माहीत असलेली युनिटमध्ये मी एकटीच होते. आणि टॅबलेटनं किती थांबायचं, ही प्रोग्राममधली ओळ मीच लिहिली होती. सुरुवातीला टॅबलेट बारा सेकंद थांबायचा. आई म्हणाली, विचारलं की नुसतं बघत बसावं लागतं, जीव टांगणीला लागतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये मी बाराचे १.८ केले. १.८ सेकंद गळ्याकडून काही आलं नाही, तर संकेत तुटला असं धरायचं आणि अंदाजानं भरायचं.

"आई, जरा इकडं ये." मी तिला लॅपटॉपवरची रेघ दाखवली. ही लाट गिळण्याची, बोलण्याची असती तर इथं दिसली असती, सगळं सांगितलं. ती ओले हात पदराला पुसत ऐकत होती. शेवटी मी म्हणाले, "आई, तेवीस दिवस आण्णा एक शब्द बोललेले नाहीत."

"ते मला ठाऊक न्हाई व्हय?"

मी लॅपटॉप मिटला.

"लई शिकलीस, पण बापाला वळखलं न्हाईस," आई हळू आवाजात म्हणाली. "चौतीस वर्षं झाली लग्नाला. या माणसानं मला कधी 'जेवलीस का' म्हणून विचारलं? गिऱ्हाईकाला विचारायचे. फोनवर काय गोड बोलायचे, या म्हणायचे, बसा म्हणायचे, चहा घेणार का म्हणायचे. मी आतनं ऐकायची. आता तसं माझ्याशी बोलत्यात. कोण बोलतंय ते कशाला शोधायचं?"

"आणि त्यांना ते नको असलं तर?"

"नको असलं तर सांगतील की."

"कशानं सांगतील, आई? तोंड त्याच्याकडे आहे."

ती टॅबलेटकडे बघायला तयार नव्हती. "केतके, दिवसभर या खोलीत मी असते. तू जातेस कामाला. ते यंत्र नसलं तर इथं भिंती असत्यात आणि मी असते. तुझा तो स्विच उजेडाचाच कर."

"भांडू नका," आण्णांचा आवाज म्हणाला. "चहा टाक, दोघी घ्या."

आई उठली आणि चहा टाकायला आत गेली. त्या क्षणी मला टॅबलेटची भीती वाटली नाही, हे नोंदवून ठेवते. भीती वाटली ती आईच्या उठण्याची. सांगितलेलं ऐकल्यासारखी ती लगेच उठली होती.

मंगळवारी सकाळी मी रेघ मॅडमना दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली. चष्मा काढला, परत लावला.

"दोन शक्यता आहेत," त्या म्हणाल्या. "एक, आण्णांच्या मेंदूत आणखी काही बिघडलंय आणि शब्दच उरलेले नाहीत. तसं असेल तर टॅबलेट बंद करून तू फक्त तुझ्या आईला एकटी पाडशील. दुसरी, शब्द आहेत आणि ते वापरत नाहीत."

"कारण उपयोग नाही," तौफिक म्हणाला. आज त्याच्या हातात सोल्डरिंग गन नव्हती. "तुम्ही तोंड उघडायच्या आत दुसरा तुमच्या आवाजात बोलून मोकळा होतोय. किती दिवस तोंड उघडाल?"

"तपासणीत कळणार नाही का?" मी विचारलं.

"अंगठा हलवायला सांगेन मी. तूही सांगितलंस, त्यांनी हलवला नाही. जो उत्तरच देत नाही, त्याच्याबद्दल तपासणी काय सांगणार?"

मी म्हणाले, "स्विच अंदाजाच्या चिपला जोडू या. सॉफ्टवेअरमधून नको, तिथं टॅबलेट स्वतःच संमती देतो. चिपच्या विजेच्या वाटेवरच स्विच बसवू. खाली केला की चिप मेली. मग गळ्यातून जे येईल तेवढंच ऐकू येईल, काही आलं नाही तर काही नाही."

"तो वर-खाली कोण करणार?" मॅडमनी विचारलं. "माझा कालचाच प्रश्न आहे हा. आण्णांचा अंगठा, तुझी आई, की तू? बाहेरून तिन्ही सारखंच दिसेल. उद्या दोनशे घरांत हे जाणार आहे. हात कुणाचा होता, हे कळलं नाही तर मी परवानगी देणार नाही."

उत्तर तौफिकनं दिलं. स्विचखाली दाब मोजणारी पातळ पट्टी बसवता येईल, तो म्हणाला. ज्याचा त्याचा जोर वेगळा असतो.

बुधवारी दुपारी तडकलेल्या काचेच्या टॅबलेटवर आम्ही तसा स्विच बसवला आणि तो आमच्या घरातल्या टॅबलेटच्या जागी ठेवला. आण्णांच्या वाक्यांचा साठा जसाच्या तसा त्यात भरला होता. स्विच सरकायला ०.९ न्यूटन एवढं बल लागत होतं, म्हणजे साधारण नव्वद ग्रॅमचं वजन उचलायला लागतं तेवढं.

आण्णांना मी सगळं सांगितलं. स्विच खाली केला की टॅबलेट गप्प होईल, वर केला की बोलेल. नियम काही नाही, कुणी कितीदाही करावा. मग पट्टी जुळवण्यासाठी त्यांना स्विच वीस वेळा सरकवायला सांगितला. त्यांनी सरकवायला सुरुवात केली. मी मोठ्यानं मोजत नव्हते. विसाव्या वेळेनंतर अंगठा थांबला. बल १.० ते १.६ न्यूटनच्या दरम्यान होतं.

माझं वीस वेळांचं बल २.३ ते २.९ आलं. आईनं भाकरी थापल्यासारखा स्विच दाबला, ३.६ ते ४.८. तिघांचे आकडे कुठंही एकमेकांवर चढत नव्हते.

"मी हात लावला तर चालंल नव्हं?" आईनं विचारलं.

"चालेल."

"आणि मग तू मला बोलणार."

"नाही बोलणार. मी इथं असणारच नाही."

मी चौदा दिवस युनिटच्या मागच्या खोलीत राहायला गेले. फोनवर आईशी रोज बोलत होते. जेवण, औषधं, पाहुणे याबद्दल. स्विचबद्दल मी विचारलं नाही. सहाव्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "तुझा बाप लई हट्टी आहे," आणि फोन ठेवला. दहाव्या दिवशी म्हणाली, "आज दुपारभर दोघं नुसतं बसलो होतो. बाहेर कुणाचा तरी पंप चालू होता, तो ऐकत." तिचा आवाज कसा होता, हे मला लिहिता येत नाही. मी तो साठवलेला नाही.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तौफिकनं नोंद उतरवून घेतली. मॅडम, तो आणि मी टेबलाशी बसलो. मी वाचून दाखवलं.

चाचणीचा काळ: १७ ते ३० मार्च.

स्विच बंद झाला ३१ वेळा. ३१ही वेळा बल १.१ ते १.५ न्यूटन.

स्विच चालू झाला ३१ वेळा. त्यातल्या ३० वेळा बल ३.७ ते ४.६ न्यूटन.

बंद झाल्यापासून चालू होईपर्यंतचा सरासरी वेळ: पहिल्या दिवशी ४० सेकंद, सातव्या दिवशी ११ मिनिटं, बाराव्या दिवशी ५२ मिनिटं.

बंद असतानाच्या एकूण काळात गळपट्ट्यावर बोलण्याचे संकेत: शून्य.

शेवटची नोंद ३० मार्चची आहे. स्विच सकाळी १० वाजून ५ मिनिटांनी बंद झाला, १.२ न्यूटन. त्यानंतर ३ तास ४५ मिनिटं त्याला कुणी हात लावला नाही. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी तो चालू झाला, १.३ न्यूटन.